दुसरा संसार मांडताना घराचा कागद आधी



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, खोडव्यातले पाचट आणि हुमणीचा बंदोबस्त यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय वेगळा आहे. उसाच्या नोंदी घेताना आमच्या शेतकी खात्याकडे जे वाद येतात, त्यांतले काही पाण्याचे नसतात, तोडीचेही नसतात. ते घरातले असतात. एकाच गट नंबरच्या उसावर दोन नोंदी, एकाच बिलावर दोन अर्ज, आणि दोन्हीकडे एकाच बापाची लेकरे. थोरली पहिल्या आईची, धाकटी दुसरीची. बिल अडकते, सोसायटीचे व्याज चढत राहते, आणि ज्या घरात सगळे मिळून राहायचे त्याच घराच्या दाराला कुलूप लागते.

अशा भांडणांच्या मुळाशी गेले की बहुतेक एकच गोष्ट सापडते. दुसरे लग्न ठरले तेव्हा घर घेतले, पण पैसा कुणाचा, नाव कुणाचे आणि मागे ते कुणाला जायचे, हे कुणी लिहून ठेवले नाही. त्या वेळी विचारणे बरे दिसत नव्हते. पंधरा वर्षांनी विचारले, तेव्हा सांगणारा माणूस उरला नव्हता.

पुनर्विवाह ही चांगली गोष्ट आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आपल्या भागात पाट लावण्याची, म्होतुराची चाल जुनीच. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. अलीकडे २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितले. मन तयार होत आहे. कागद मात्र मागे राहतो. म्हणून हा लेख.

एक घडलेली हकिगत

नावे-गावे देत नाही. दोन्ही घरे आपल्याच कार्यक्षेत्रातली. तात्या चाळिशीतले. साडेतीन एकर ऊस, एक मुलगी, एक मुलगा, घरात म्हातारी आई. पत्नी आजारपणात गेली. वहिनी तिशीच्या पुढच्या. मालक मोटारसायकलच्या अपघातात गेले, पदरी आठ वर्षांचा मुलगा. सासू आधीच वारलेल्या. मालकांच्या वाटणीचा दीड एकर वहिनींच्या आणि मुलाच्या नावावर आला. सातबारावर मुलाच्या नावापुढे 'अ. पा. क. आई' असा शेरा. कारखान्याचा शेअरही वहिनींच्या नावे झाला. दोघांचे जमवले ते वहिनींच्या सासऱ्यांनीच. "लेक म्हणून उजवतोय," असे त्यांनी भावकीत ठणकावून सांगितले होते.

तात्या गट कार्यालयात आले ते तीन हंगामांच्या ऊसबिलाचा दाखला मागायला. बँकेला हवा होता. तालुक्याच्या गावी तीस लाखांचे घर बघितले होते. तिन्ही मुलांची शाळा तिथे होणार होती. आम्ही सहज विचारले, "तात्या, घर कुणाच्या नावावर घेताय?"

"तिच्याच नावावर. बाईच्या नावावर घेतलं की स्टँप एक टक्का कमी लागतोय. तीस हजार वाचत्यात. आणि तिलाबी जरा इस्वास वाटंल."

"लग्न कधी आहे?"

"दोन महिन्यांनी. घर आधी."

"आणि पैसे?"

तात्यांनी हिशेब सांगितला. त्यांचे अठरा लाख. त्यांत आठ लाख बँकेचे कर्ज, आठ लाख शिल्लक आणि दोन लाख पहिल्या पत्नीच्या डागांचे. वहिनींचे बारा लाख. त्यांत नऊ त्यांचे स्वतःचे आणि तीन लाख अपघाताच्या भरपाईत मुलाच्या नावे ठेवलेल्या ठेवीचे.

हिशेब कानांनी ऐकायला सरळ होता. पण त्यात चार जणांचा पैसा होता, घर एकीच्या नावावर होणार होते, आणि ज्यांना अजून सही करता येत नव्हती अशा तीन लेकरांची बाजू त्यात कुणी धरली नव्हती. आम्ही तात्यांना दाखला दिला आणि म्हणालो, "साठेखत करण्याआधी एकदा सगळे मिळून बसा. वकिलालाही बोलवा." तात्या थोडे नाराज झाले. म्हणाले, "साहेब, कागद करत बसलो तर लोक म्हणत्याल, लगीन हाय का खरेदीखत?"

पुढच्या रविवारी वहिनींच्या सासऱ्यांच्या सोप्यात बैठक झाली. तात्यांची आई होत्या, वहिनींचे भाऊ होते, तालुक्याचे एक वकील होते. दोन्ही घरांनी बोलावले म्हणून आम्हीही गेलो. तिथे जे निघाले ते सगळ्यांच्याच उपयोगाचे आहे. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख सभासदांना लागू होणारा कायदा धरून ते पुढे मांडतो. मुस्लिम व ख्रिस्ती सभासदांचे वारसाचे कायदे वेगळे आहेत, त्यांनी त्याप्रमाणे सल्ला घ्यावा.

आधी दोन समज दूर करू

पहिला समज असा की पाट लावला की बाईचे नाव सातबारावरून गेले. वहिनींच्या भावकीतले एक जण हेच बोलत होते. हा समज हवेतून आलेला नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली, पण पहिल्या पतीच्या मालमत्तेतला तिचा हक्क पुनर्विवाहाबरोबर संपेल असेही त्यातच लिहिले होते. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. त्याआधीच १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला पतीच्या हिश्शाची पूर्ण मालक केले. एकदा तिच्याकडे आलेला हिस्सा पुढे तिने लग्न केले म्हणून परत जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. १९५६ च्या कायद्यात आधीच वारलेल्या मुलाची विधवा, भावाची विधवा अशा काही जणींवर पुनर्विवाहाचे बंधन होते. ते कलम २००५ मध्ये निघाले. तेव्हा कुणी भगिनीला 'लग्न करतेस तर जमिनीवर सही देऊन जा' म्हणत असेल, तर तिने सही करण्याआधी वकिलाला विचारावे.

दुसरा समज उलट बाजूचा. लग्न झाले की निम्मे घर आपोआप नवऱ्याचे किंवा बायकोचे होते, असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्रात तसे होत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. तिथे लग्नाआधी वेगळा नोंदणीकृत करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते. आपल्याकडे लग्नापूर्वी ज्याचे होते ते लग्नानंतरही त्याचेच राहते. नाव ज्याचे, पैसा ज्याचा आणि मेल्यावर वारस जो, यावरच सगळे ठरते. म्हणूनच या तीन गोष्टी एकेक करून बघायच्या.

पैसा कुणाचा?

घरात पडणारा रुपया कुणाच्या मालकीचा आहे, हे पहिल्यांदा बघावे. स्वतःच्या कष्टाची शिलक असेल तर प्रश्न नाही. पण दुसऱ्या लग्नाच्या वेळी हाताशी असलेल्या पैशात गेलेल्या माणसाचा पैसा असतो, आणि त्यात लेकरांचा वाटा असतो.

बापामागे अज्ञान मुलाच्या नावे आलेली जमीन आईला किंवा बापाला परस्पर विकता येत नाही. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार त्याला जिल्हा न्यायालयाची आगाऊ परवानगी लागते. परवानगीशिवाय विकली तर मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. अशी जमीन विकून घर घेणारा आणि ती विकत घेणारा, दोघेही टांगणीला लागतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. त्याच कायद्यात सावत्र आई किंवा सावत्र बाप हे नैसर्गिक पालक धरलेले नाहीत. लग्नानंतर मुलाच्या कागदावर सावत्र बापाची सही चालते, असे कुणी धरून चालू नये.

अपघाताच्या भरपाईतली मुलाच्या नावची ठेव ही त्याचीच. न्यायाधिकरण ती मुलगा सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवायला सांगते, ते उगाच नाही. घरासाठी ती मोडायची वाट शोधू नये.

डागांचेही तसेच. पहिल्या पत्नीचे स्त्रीधन तिच्यामागे तिची मुले आणि पती यांच्यात सारख्या वाट्याने येते. तात्यांच्या घरी वारस तिघे. म्हणजे दोन लाखांच्या डागांत तात्यांचा वाटा एक तृतीयांश, बाकीचे दोन वाटे मुलांचे. आमच्या बैठकीत ही गोष्ट निघाली तेव्हा तात्यांच्या आई इतका वेळ गप्प होत्या, त्या बोलल्या. "पोरीला आईची येवढीच खूण ऱ्हायलीया. ती मोडून भिताडं बांधू नगा." वहिनी लगेच म्हणाल्या, "आत्ती, मला ते डाग नकोच आहेत. तिचे तिला ठेवा." कायदा सांगायला वकील होते, पण तो प्रश्न त्या दोघींनी मिटवला.

नाव कुणाचे?

स्त्रियांच्या नावे राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मिळते. सवलत चांगली आहे. ज्या भगिनी स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी घर घेतात त्यांनी ती जरूर घ्यावी. पण ती मिळण्यासाठी कागदावर फक्त बाईचे नाव, किंवा सगळ्या बायकांचीच नावे लागतात. तात्यांचा पैसा त्या कागदावर कुठे दिसलाच नसता. तीस हजार वाचवायला अठरा लाखांची नोंद पुसायची, हा सौदा आम्हाला पटला नाही.

शिवाय वेळेचा प्रश्न होता. दुसऱ्याच्या नावावर आपल्या पैशाने मिळकत घेणे हा बेनामी व्यवहार ठरू शकतो. १९८८ चा बेनामी कायदा २०१६ मध्ये कडक झाला आहे. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या, पतीच्या किंवा मुलाच्या नावे घेतले तर त्यातून सूट आहे. पण लग्न ठरलेली बाई अजून पत्नी नसते. सूट पत्नीला आहे, होणाऱ्या पत्नीचा तिथे उल्लेख नाही. लग्नाआधी घर घ्यायचे असेल तर ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. एक तर लग्नाची नोंदणी करून मग खरेदी करावी, किंवा आधी करायची तर ज्याचा पैसा त्याचे नाव, तितकाच हिस्सा, असे लिहावे.

दोघांच्या नावावर घेताना हिस्सा लिहिणे महत्त्वाचे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४५ वे कलम सांगते की दोघांनी वेगवेगळी रक्कम घातली असेल तर हिस्सा त्या प्रमाणात. पण कुणी किती घातले याचा पुरावा नसेल तर दोघांचे हिस्से सारखे धरले जातात. म्हणून खरेदीखतात 'अमक्याचा इतके टक्के, तमकीचा इतके टक्के अविभक्त हिस्सा' असे वाक्य घालून घ्यावे. प्रत्येकाने आपला पैसा आपल्या खात्यातून बँकेमार्फत द्यावा आणि तो उतारा जपून ठेवावा. साठेखतात जी नावे येतात तीच सहसा खरेदीखतात उतरतात, तेव्हा हे सगळे साठेखताआधी ठरले पाहिजे.

कर्जाकडेही बघावे. घराच्या सहमालकाला बँका बहुधा सहकर्जदार करतातच. सहकर्जदार झालेला माणूस आपल्या हिश्शापुरता नव्हे, सगळ्या कर्जाला बांधला जातो. हप्ता एकाच्या ऊसबिलातून जाणार असेल तर त्या माणसाच्या आयुष्याचा कर्जाएवढा विमा काढावा. मोठा आधार निघून गेल्यावर हप्ता कुणी फेडायचा, हे दुसऱ्या लग्नाच्या घरात आधीच एकदा भोगलेले असते.

गावठाणात घर घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा करआकारणीसाठी असतो. त्यावर नाव लागले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. नोंदलेले खरेदीखत, इंडेक्स टू आणि जिथे झाली असेल तिथे मिळकत पत्रिका, हे कागद बघावेत. विकणाऱ्याच्या घरात वारसांचा दावा आहे का, याचा वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा. आपल्या घरातला तंटा मिटवून दुसऱ्याच्या घरातला विकत घेण्यात अर्थ नाही.

मागे कुणाला?

आता सगळ्यात अवघड बोलणे. तात्यांच्या घराचा हिशेबच उदाहरणाला घेऊ. समजा घर साठ-चाळीस टक्क्यांनी दोघांच्या नावावर झाले, लग्न झाले, आणि कुणीच मृत्युपत्र केले नाही.

उद्या तात्यांचे काही बरेवाईट झाले तर त्यांच्या साठ टक्क्यांचे चार सारखे वाटे होतील: पत्नी, मुलगी, मुलगा आणि आई. प्रत्येकी पंधरा टक्के. वहिनींकडे आपले चाळीस आणि हे पंधरा मिळून पंचावन्न टक्के येतील. मुलीचा वाटा मुलाएवढाच. ती लग्न होऊन गेली म्हणून कमी होत नाही.

वहिनी आधी गेल्या तर त्यांचे चाळीस टक्के त्यांचा मुलगा आणि तात्या यांच्यात वीस-वीस होतील. तात्यांच्या मुलांना त्यांच्याकडून थेट काही येणार नाही, कारण सावत्र मूल हे या कलमातले 'मूल' नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल आहे. तसेच वहिनींचा मुलगाही तात्यांचा वारस होत नाही, कायद्याने दत्तक घेतल्याशिवाय. पुढे तात्या गेले की वहिनींकडून आलेले ते वीस टक्केही तात्यांच्या वारसांत वाटले जातील. म्हणजे कोण आधी गेले, यावर लेकरांचा वाटा पालटतो. हा हिशेब वकिलांनी सोप्यात पाटीवर मांडून दाखवला तेव्हा वहिनींचे सासरे हळूच म्हणाले, "म्हंजे माझ्या नातवाचं नशीब कोण आधी जातंय त्याच्यावर ठेवायचं व्हय?"

यावर उपाय मृत्युपत्राचा. आपल्या मालकीचा हिस्सा कुणाला द्यायचा हे माणूस लिहून ठेवू शकतो. त्यासाठी स्टँप लागत नाही. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांच्या समक्ष सही हवी आणि साक्षीदारांनीही सही करायला हवी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नये. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत फक्त आपल्या वाट्यापुरतेच लिहिता येते. तिथे २००५ पासून मुलीही मुलांच्या बरोबरीने हिस्सेदार आहेत, आणि बाप त्या वेळी हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले.

ज्यांनी पूर्वी कधी मृत्युपत्र केले असेल त्यांनी ते आता काढून बघावे. हिंदूंचे मृत्युपत्र पुढे लग्न केले म्हणून रद्द होत नाही. जुन्या कागदात नव्या जोडीदाराचे नाव नसेल तर तो माणूस उघड्यावर पडतो. ख्रिस्ती सभासदांचे उलट आहे. त्यांचे आधीचे मृत्युपत्र विवाहाने रद्द होते, नवे करावे लागते.

'पत्नीला हयातभर राहायला, तिच्यामागे मुलांना' असे लिहिण्याची इच्छा पुष्कळांची असते. इच्छा रास्त आहे, पण शब्द वकिलाकडून घालून घ्यावेत. पत्नीच्या पोटगीच्या हक्कापोटी दिलेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा होऊ शकतो, असे १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून धरले जाते. एका वाक्याच्या फरकाने घर इकडचे तिकडे होते.

वारस म्हणून नाव दिले की झाले, असेही समजू नये. कारखाना असो, बँक असो, नामनिर्देशन म्हणजे पैसे किंवा शेअर कुणाच्या हाती द्यायचे याची सोय. मालकी कुणाची हे सहसा वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. कंपन्यांच्या शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितले. तरीही नामनिर्देशन अद्ययावत असावेच. लग्न झाल्यावर शेअर विभागात येऊन आपल्या शेअरला कुणाचे नाव आहे ते बघा. गेलेल्या पत्नीचे नाव तसेच राहिलेले सभासद आमच्या पाहण्यात आहेत.

कागदाने काय होत नाही

हिंदूंमध्ये लग्नाआधी करार करून 'मी पोटगी मागणार नाही, घरावर हक्क सांगणार नाही' असे लिहून घेतले तर ते न्यायालयात टिकेल याचा भरवसा नाही. तशा कागदावर पैसा घालवण्यापेक्षा खरेदीखत आणि मृत्युपत्र नीट करावे. तसेच घर एकट्याच्या नावावर असले म्हणून पत्नीला हवे तेव्हा बाहेर काढता येईल, असे नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामाईक घरात राहण्याचा हक्क तिला दिला आहे, मालकी कुणाचीही असो.

आणि मूळ लग्नच कायदेशीर हवे. घटस्फोटित असाल तर न्यायालयाचा हुकूमनामा हातात असावा आणि अपिलाची मुदत संपलेली असावी. पहिला जोडीदार हयात, लग्न मोडलेले नाही, आणि दुसरा संसार थाटला, तर तो विवाह रद्दबातल असतो. दुसरी बाई कायद्याने वारस होत नाही, तिच्या नशिबी वनवास येतो.

आपली बचत मुलाच्या नावे करायची असेल तर बक्षीसपत्राचा मार्ग आहे. पती-पत्नी व मुलांना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांकात मोठी सवलत मिळते. होणाऱ्या जोडीदाराला लग्नाआधी दिले तर ती मिळत नाही. पण नोंदलेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. म्हातारपणी आपल्याला छप्पर राहील एवढे बघूनच द्यावे.

सोप्यात काय ठरले

दुपारी चारला बसलेली बैठक दिवेलागणीपर्यंत चालली. मुलाची तीन लाखांची ठेव मोडायची नाही, असे ठरले. डाग मुलीसाठी लॉकरमध्ये राहिले. पाच लाख कमी पडले, तेवढे तात्यांनी कर्ज वाढवून घेतले. आठाचे तेरा झाले. तात्यांचे एकवीस, वहिनींचे नऊ. खरेदीखतात सत्तर आणि तीस टक्के असे हिस्से लिहायचे. एक टक्क्याची सवलत सोडून दिली. तात्यांनी कर्जाइतका विमा काढला.

मग मृत्युपत्रे. तात्यांनी आपले सत्तर टक्के दोन्ही मुलांना, आणि वहिनींना हयातभर राहण्याची सोय, असे वकिलाच्या शब्दांत लिहिले. आईच्या सांभाळाची तजवीज शेतीच्या उत्पन्नातून केली. वहिनींनी आपले तीस टक्के आणि जमिनीतला आपला हिस्सा मुलाला लिहिला. तात्यांनाही हयातभर घरात राहता येईल असे त्यात घातले. पुढे दोघांना मूल झाले तर कागद पुन्हा बघायचा, हेही ठरले. दीड एकराचा ऊस वहिनींच्याच नावे नोंदत राहायचा आणि बिल त्यांच्याच खात्यात जमा व्हायचे. वहिनींचे भाऊ आधी कुरकुरत होते. "बहिणीच्या नावावर सगळं होणार होतं, आता तीसच टक्के," असे त्यांचे म्हणणे. वहिनींनीच त्यांना सांगितले, "दादा, तीस माझ्या घामाचे आहेत. ते कुणी काढून घेऊ शकत नाही. बाकीचे त्या दोन लेकरांच्या आईचे होते."

उठताना तात्या आम्हाला म्हणाले, "साहेब, मला वाटलं व्हतं कागद केला की मन तुटंल." आम्ही म्हणालो, "तात्या, तुमच्या आणि भावाच्या शेतात बांध आहे. बांध आहे म्हणून तर दोघे एका विहिरीवर सुखाने पाणी पाजता. बांध मोडल्यावर किती भाऊ बोलायचे बंद झालेले बघितलेत?" ते हसले. दोन महिन्यांनी लग्न झाले. आता तिन्ही मुले एकाच रिक्षाने शाळेला जातात.

घर घेण्याआधी हे करा

(१) घरात जाणारा प्रत्येक रुपया कुणाचा, ते एका कागदावर मांडा. लेकरांचा पैसा बाजूला काढा.

(२) साठेखताआधी नावे व टक्के ठरवा, खरेदीखतात लिहा. पैसे ज्याच्या त्याच्या खात्यातून द्या.

(३) लग्नाआधी खरेदी असेल तर दुसऱ्याच्या नावावर आपल्या पैशाने घेऊ नका.

(४) लग्नाची नोंदणी करून दाखला घ्या.

(५) दोघांनीही मृत्युपत्र करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते कुठे ठेवले आहे एवढे सांगा.

(६) शेअर, ठेवी, विमा, सोसायटी, बँक या सगळीकडची वारसनोंद बदला. उसाची नोंद सातबाराशी जुळते का, ते आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याकडून तपासून घ्या.

आम्ही उसातली माणसे, वकील नव्हे. प्रत्येक घराचा गुंता वेगळा, तेव्हा शेवटचा सल्ला जाणत्या वकिलाचाच घ्यावा. ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांच्यासाठी तालुका न्यायालयात विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, तिथे मोफत सल्ला मिळण्याचा हक्क आहे. भगिनींनी संकोच करू नये.

लागण करण्याआधी आपण सरी सोडतो, पाण्याची वाट ठरवतो, मग बेणे टाकतो. घराच्या बाबतीतही तोच क्रम ठेवावा, एवढीच विनंती. पुढच्या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहू.

आपला,
ऊस विकास अधिकारी